हौसेच्या खांबावर धंद्याची अँटेना : रँचो पालोस व्हर्डीस विरुद्ध एब्रम्स

हौशी रेडिओसाठी, म्हणजे छंद म्हणून बिनमोबदला रेडिओवर बोलण्यासाठी, रीतसर परवानगी घेऊन घराच्या आवारात एक खांब उभा राहतो. पुढे त्याच आवारातल्या अँटेनांवरून मालक पैसे घेऊन गिऱ्हाइकांना वायरलेसची सेवाही देऊ लागतो. नगरपालिकेला हे काही वर्षांनी कळतं. तिने काय करावं?

कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या शहरापुढे हा प्रश्न आला आणि तो अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. २२ मार्च २००५ ला निकाल लागला आणि नऊच्या नऊ न्यायाधीशांनी कौल शहराच्या बाजूने दिला. वकील मंडळी हा निकाल वाचतात तो नागरी हक्कांच्या कायद्यासाठी. अँटेना त्यांच्या लेखी तोंडी लावण्यापुरती. मला मात्र खालच्या कोर्टात निघालेला मुद्दा जास्त मोलाचा वाटतो. शहराने परवाना नाकारताना जे कारण कागदावर लिहिलं तेच पोकळ होतं. त्याला खरी हरकत होती धंद्याला, आणि ठरावात मात्र त्याने डोळ्यांना खुपणारा खांब पुढे केला. त्यामुळे सुप्रीम कोर्टात नुकसानभरपाईचे पैसे वाचले, तरी परवाना मात्र द्यावाच लागला.

जागा

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला पालोस व्हर्डीस नावाचा डोंगराळ द्वीपकल्प समुद्रात शिरलेला आहे. त्यावर चार शहरं आहेत. त्यांतलं रँचो पालोस व्हर्डीस सगळ्यात उशिरा, १९७३ मध्ये, वेगळं झालं. वेगळं होण्यामागचं कारणही बांधकामाचंच होतं. किनाऱ्यालगतच्या मोकळ्या जमिनीवर काउंटी दाट बांधकामाला वाट करून देईल अशी रहिवाशांना धास्ती होती, आणि झोनिंग, म्हणजे कुठे काय बांधू द्यायचं हे ठरवणं, आपल्या हातात असावं म्हणून त्यांनी स्वतःची नगरपालिका उभी केली. नोव्हेंबर १९८९ मध्ये तिथल्या मतदारांनी ‘प्रपोझिशन एम’ मंजूर केलं. शेजाऱ्याच्या झाडाने तुमच्या घरातून दिसणारं दृश्य अडवलं तर शहराकडे अर्ज करून ते झाड छाटून घ्यायची सोय त्यात आहे. झाडाच्या शेंड्यावरून जिथे सुनावण्या होतात, तिथे लोखंडी खांबाकडे लोक कोणत्या नजरेने बघत असतील हे वेगळं सांगायला नको.

मार्क एब्रम्स यांचं घर या द्वीपकल्पाच्या माथ्याजवळ, विरळ वस्तीच्या भागात होतं. त्याच १९८९ मध्ये त्यांनी शहराकडून ५२.५ फुटी अँटेनेची परवानगी घेतली, हौशी वापरासाठी. मीटरमध्ये सांगायचं तर बरोबर १६ मीटर.

इथे थोडा हिशोब करून बघण्यासारखा आहे, कारण पुढचा सगळा वाद त्याने स्पष्ट होतो. मोबाइल वायरलेससाठी वापरतात त्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. अँटेनेच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ४.१२ ने गुणलं की रेडिओ क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. सपाट जमिनीवरच्या १६ मीटर खांबाचं क्षितिज येतं साधारण १६ किलोमीटर. आता तोच खांब ४०० मीटर उंचीच्या डोंगरावर ठेवा (ही हिशोबासाठी धरलेली गोल संख्या आहे). खांब नसताना जमिनीपासूनच क्षितिज ८२ किलोमीटरवर जातं, खांबासकट ८४. म्हणजे डोंगरावर १६ मीटर खांबाने मिळवलं काय, तर दोन किलोमीटर. आजूबाजूची छपरं आणि झाडं ओलांडण्यापुरती उंची मिळाली की जमिनीवरचा साधा तिपाई स्टँडसुद्धा जवळपास तेवढंच काम करतो.

हौशी माणसाला मात्र खांब खरोखर लागतो, पण तो वेगळ्या कामासाठी. दुसऱ्या खंडातल्या स्टेशनशी लघुलहरींवर बोलायचं तर लहर आकाशात अगदी कमी कोनात सुटली पाहिजे. १४ मेगाहर्ट्‌झवर आडवी अँटेना १० मीटरवर असेल तर मुख्य झोत सुमारे ३० अंशात वर जातो. १६ मीटरवर नेली की तो १९ अंशांवर उतरतो. हौशी लोक फूटभर उंचीसाठी नगरपालिकेशी भांडतात ते यासाठी.

सांगायचा मुद्दा असा की या डोंगरमाथ्यावर धंद्याला हवा होता डोंगर, आणि लांबच्या हौशी संपर्काला हवा होता खांब. हे माझं अनुमान आहे, कोर्टाच्या कागदांत असं म्हटलेलं नाही. पण १९८९ च्या मोठ्या अँटेनेनंतर त्या आवारात कसल्या अँटेना वाढत गेल्या ते पाहिलं की ते पटतं. पुढच्या काही वर्षांत तिथे अनेक छोट्या तिपाई अँटेना उभ्या राहिल्या. त्यांच्यासाठी शहराला विचारलेलं नव्हतं.

एका आवारात दोन परवाने

रिपीटर म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. हातातल्या वॉकीटॉकीची ताकद असते चार-पाच वॅट. शहरात इमारतींच्या गर्दीत ती दोन-चार किलोमीटरही धड जात नाही. म्हणून डोंगरावर एक यंत्र ठेवतात. ते एका फ्रीक्वेन्सीवर ऐकतं आणि त्याच क्षणी, जास्त ताकदीने, दुसऱ्या फ्रीक्वेन्सीवर तेच बोलतं. खाली खोऱ्यात असलेली दोन माणसं एकमेकांना दिसत नसली तरी दोघांनाही डोंगर दिसतो, तेवढं पुरतं. हौशी लोक हे फुकट चालवतात. सुरक्षारक्षक, ट्रकवाले, बांधकाम कंत्राटदार यांना हीच सोय महिन्याच्या भाड्याने विकणाऱ्या कंपन्या असतात.

अमेरिकेत हौशी लोकांचा एक पट्टा ४२० ते ४५० मेगाहर्ट्‌झ आहे. धंदेवाईक मोबाइल रेडिओचा एक पट्टा ४५० पासून सुरू होऊन ४७० पर्यंत जातो. दोघांत भिंत नाही, लागून आहेत. रिपीटरची ऐकण्याची आणि बोलण्याची फ्रीक्वेन्सी यांत दोन्हीकडे प्रथेने ५ मेगाहर्ट्‌झचं अंतर ठेवतात. त्यामुळे रस्त्यावरून बघणाऱ्या शेजाऱ्याला, किंवा टेप घेऊन आलेल्या नगरपालिकेच्या निरीक्षकालाही, फायबरग्लासच्या नळीतली ती उभी अँटेना हौसेची की धंद्याची हे सांगता येणं अशक्य. केबलच्या खालच्या टोकाला असलेल्या पेटीवर कोणता परवाना चिकटवलाय यावरच ते ठरतं.

एब्रम्स आपल्या अँटेना दोन्ही कामांसाठी वापरत होते. हौशी सेवा आणि इतर हौशी लोकांचे सिग्नल पुढे पाठवणं हे एक. गिऱ्हाइकांना दुतर्फा रेडिओसेवा देणं आणि त्यांचे सिग्नल रिपीटरने लांबवर पोचवणं हे दुसरं. १९९८ मध्ये त्यांनी दुसऱ्या टॉवरची परवानगी मागितली. त्या अर्जाची छाननी करताना शहराच्या लक्षात आलं की इथे धंदा चालतो आणि धंद्याच्या अँटेनेला लागणारा सशर्त वापराचा परवाना यांनी घेतलेलाच नाही.

आपल्याकडे राहत्या फ्लॅटमध्ये क्लास किंवा दवाखाना सुरू झाला की महापालिका ज्या कलमावर बोट ठेवते, तोच हा प्रकार: वापरात बदल. भिंती त्याच, दार तेच, पण नोंद निवासी आणि आत चालतो व्यवसाय. शहराने इथवर अगदी बरोबर ओळखलं होतं. लॉस एंजेलिस काउंटीच्या सुपीरिअर कोर्टात जाऊन त्याने मनाई हुकूम मिळवला. हुकूम फक्त धंद्यापुरता होता. पुढचं सगळं यावरच फिरलं. हौशी वापर चालूच राहिला, आणि म्हणून अँटेनाही जागच्या जागी राहिल्या.

ठराव

मनाई हुकमानंतर दोन महिन्यांनी, जुलै १९९९ मध्ये, एब्रम्स यांनी रीतसर सशर्त वापराच्या परवान्याचा अर्ज केला. शेजाऱ्यांपैकी अनेकांनी जोरदार विरोध केला. शहराच्या प्लॅनिंग कमिशनने दोन सुनावण्या घेतल्या, लेखी पुरावे घेतले आणि अर्ज फेटाळला. कारणं दोन दिली. एक, परवाना दिला तर आहेत त्या अँटेनांचा डोळ्यांना होणारा त्रास तसाच चालू राहील. दोन, निवासी भागात अशा अँटेनांचा पायंडा पडेल. नगर परिषदेने अपीलही फेटाळलं.

पहिलं कारण पुन्हा वाचा. अँटेना आधीच उभ्या आहेत. परवाना नाकारला म्हणून त्या खाली येणार नाहीत, कारण हौशी वापराला बंदी नाही. मग परवाना नाकारून दृश्य सुधारणार कसं? २४ ऑगस्ट २००० ला एब्रम्स यांनी केंद्र सरकारच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला, आणि त्या कोर्टाने नेमकं हेच विचारलं. अर्जाचं काहीही झालं तरी खांब तिथेच राहणार असेल तर सौंदर्याचं कारण लटकं पडतं. पायंड्याचंही तसंच: उद्या कुणी नवी अँटेना उभारायला आला तर तिच्या वाईट परिणामांवरून त्याला नकार देता येईलच, त्यासाठी आजचा अर्ज अडवायची गरज नाही. कोर्टाने शहराला परवाना देण्याचा आदेश दिला.

मला शहराची थोडी दयाही येते. वर्षानुवर्षं झाडांच्या शेंड्यांवर निवाडे करणाऱ्या खात्याला ‘दृश्य’ हा शब्द इतका सरावाचा झालेला असणार की लेखणी आपोआप तिकडे वळली. शेजारी सुनावणीत जे बोलले असतील तेच ठरावात उतरलं असावं. पण कोर्टात ठराव वाचला जातो तो ओळीओळीने.

दोन संरक्षणं

खांब खाली येणार नाही असं जिल्हा कोर्टाने गृहीत का धरलं, हे कळायला अमेरिकेतली दोन वेगळी संरक्षणं समजून घ्यावी लागतात.

हौशी रेडिओचं संरक्षण १९८५ चं. आदल्या वर्षी अमेरिकन रेडिओ रिले लीग या हौशी लोकांच्या राष्ट्रीय संघटनेने रेडिओचे परवाने देणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे, म्हणजे एफसीसीकडे, गाऱ्हाणं नेलं होतं की गावोगावच्या नगरपालिका खांबांना सरसकट नकार देतात. सप्टेंबर १९८५ मध्ये एफसीसीने जो आदेश काढला तो हौशी जगात ‘पीआरबी-वन’ म्हणून ओळखला जातो. त्याचा आशय असा: स्थानिक संस्थांनी उंची, जागा, दिसणं यांवर नियम जरूर करावेत, पण हौशी संपर्काला वाजवी वाव द्यावा आणि आपला हेतू साधायला लागेल तितकाच, कमीत कमी नियम लावावा. एफसीसीने फुटांचा आकडा मुद्दाम दिला नाही. परिणामी कोर्टांना प्रत्येक प्रकरणात वाजवी म्हणजे किती हे ठरवत बसावं लागलं. याच भागावर अधिकार असलेल्या नवव्या सर्किट कोर्टाने (सर्किट म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या खालचं केंद्रीय अपील कोर्ट) १९९१ मध्ये बर्लिंगेम शहराच्या प्रकरणात सांगितलं होतं की हौशी माणसाला हवी ती अँटेना मिळण्याचा हक्क नाही, पण शहराने वस्तुस्थिती तपासून त्याला सामावून घेण्याचा प्रयत्न करायला हवा. तीन वर्षांनी मिनेसोटातल्या मेंडोटा हाइट्‌सच्या प्रकरणात आठवं सर्किट एक पाऊल पुढे गेलं: दोन्ही बाजू तराजूत टाकून बघितल्या एवढ्याने भागत नाही, सामावून घ्यायला हवं.

धंद्याचं संरक्षण ११ वर्षांनी आलं. ८ फेब्रुवारी १९९६ ला टेलिकम्युनिकेशन्स ॲक्टवर सही झाली तेव्हा सेलफोनच्या टॉवरांवरून गावागावांत रण पेटलेलं होतं. संसदेपुढे आधी असा प्रस्ताव होता की टॉवरच्या जागांचं राष्ट्रीय धोरण एफसीसीनेच ठरवावं. तो मागे पडला आणि तडजोड झाली: झोनिंगचा अधिकार नगरपालिकांकडेच राहील, पण काही अटींसह. एकसारखी सेवा देणाऱ्यांत गैरवाजवी भेदभाव करायचा नाही. सेवा मुळातूनच बंद पडेल असं वागायचं नाही. अर्जावर वाजवी वेळात निर्णय द्यायचा. नकार लेखी हवा आणि त्यामागे नोंदीवर भक्कम पुरावा हवा. एफसीसीची मर्यादा पाळली जात असेल तर किरणोत्सर्गाच्या भीतीवरून नकार द्यायचा नाही. आणि ज्याला नकार मिळाला त्याने ३० दिवसांत कोर्टात जायचं, कोर्टाने ते प्रकरण लवकर निकालात काढायचं.

एब्रम्स दोन्हीकडे पाय ठेवून होते. खांबाच्या अस्तित्वाला हौशी संरक्षण, त्यावरच्या सेवेला धंदेवाईक. एकट्या हौशी माणसाला १९९६ चा कायदा उपयोगी पडत नाही, कारण तो व्यावसायिक बिनतारी सेवांबद्दल बोलतो. एकट्या कंपनीला पीआरबी-वन उपयोगी नाही. दोन्ही टोप्या घातलेल्या माणसापुढे मात्र शहराला एका खांबासाठी दोन वेगळी उत्तरं लिहावी लागतात, आणि एका उत्तराचं कारण दुसऱ्यात चालत नाही.

पैशाचा प्रश्न

सुप्रीम कोर्टापुढे पोचला तो एवढाच तुकडा: परवाना तर मिळाला, पण शहराच्या चुकीबद्दल नुकसानभरपाई आणि वकिलाची फीही मिळावी का?

एब्रम्स यांनी त्यासाठी आधार घेतला होता ‘सेक्शन १९८३’ या तरतुदीचा. यादवी युद्धानंतर, १८७१ मध्ये, दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांवरचे अत्याचार रोखण्यासाठी झालेल्या कायद्यातून ती आली. सरकारी अधिकाराच्या जोरावर कुणी तुमचा केंद्रीय कायद्याने दिलेला हक्क हिरावला तर त्याच्यावर दावा लावता येतो. १९७६ पासून अशा दाव्यात जिंकणाऱ्याला वकिलाची फीही प्रतिपक्षाकडून मिळू शकते. जिल्हा कोर्टाने भरपाई नाकारली. नवव्या सर्किटने २००४ मध्ये तो भाग उलटवला आणि रक्कम ठरवायला प्रकरण खाली पाठवलं. तिसऱ्या आणि सातव्या सर्किटचं मत याच्या विरुद्ध होतं. देशाच्या दोन भागांत दोन कायदे चालायला लागले की सुप्रीम कोर्ट लक्ष घालतं, तसं घातलं. १९ जानेवारी २००५ ला युक्तिवाद झाले.

न्यायमूर्ती अँटनिन स्कालिया यांनी लिहिलेला निकाल छोटा आणि काटेकोर आहे. १९९६ च्या कायद्याने हक्क नव्याने निर्माण केला आणि त्याच्यासोबतच दाद मागायची वाटही आखून दिली: ३० दिवसांची मुदत, जलद सुनावणी. सेक्शन १९८३ ने गेलं तर मुदत होते चार वर्षं, वर वकिलाची फी. संसदेने इतकी अरुंद वाट मुद्दाम आखली असताना तिला बगल देणारा हमरस्ताही तिनेच उघडा ठेवला असेल, हे संभवत नाही. न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी स्वतंत्र टिपण जोडलं, त्यात आणखी तिघांनी सूर मिळवला. त्यांचं म्हणणं असं की नुसती वेगळी तरतूद आहे म्हणून नव्हे, तर केंद्र आणि स्थानिक संस्था यांच्यातली ती नाजूक तडजोड बघूनच हा अर्थ निघतो. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स निष्कर्षाशी सहमत होते, पण त्यांनी कारणं वेगळी लिहिली.

मला निकाल योग्य वाटतो. ४० हजारांच्या आसपास वस्तीच्या शहराने एक ठराव चुकीचा लिहिला म्हणून त्याच्यावर लाखो डॉलरची फी बसू लागली, तर पुढचा अर्ज कुणी तपासणारच नाही. मोठ्या कंपनीचा वकील नुसता सुनावणीला येऊन बसला तरी परवाना निघेल. पण याची दुसरी बाजूही आहे. कंपनीला वकिलाचा खर्च हा धंद्याचा खर्च असतो. घरातून दोन रिपीटर चालवणाऱ्याला तो परवडत नाही, आणि ३० दिवसांत कोर्टात जायचं तर वकील आधीपासून ठरलेला लागतो. कायदा सेलफोन कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला, आणि त्याची मोजमापं एका घरमालकाला लावली गेली.

काय लिहायला हवं होतं

समजा तुम्ही १९८९ मध्ये त्या शहराच्या प्लॅनिंग खात्यात आहात आणि ५२.५ फुटांचा अर्ज टेबलावर आलाय. तेव्हाच एक अट लिहून ठेवता आली असती: ही परवानगी केवळ हौशी सेवेसाठी असून या जागेवरून मोबदला घेऊन कोणतीही सेवा देण्यासाठी वेगळा परवाना लागेल. ही अट पीआरबी-वनला अजिबात धक्का लावत नाही, कारण पैसे घेऊन केलेलं प्रसारण मुळात हौशी संपर्कात मोडतच नाही. उंची तीच राहिली असती. सोबत अँटेनांची यादी जोडून घेता आली असती आणि यादीबाहेरची प्रत्येक नवी अँटेना कळवायची अट घालता आली असती. त्या तिपाया उभ्या राहिल्या तेव्हाच शहराला कळलं असतं, नऊ वर्षांनी दुसऱ्या अर्जाच्या निमित्ताने नव्हे.

आणि १९९९ चा अर्ज? तिथे नकार द्यायचाच होता तर कारण धंद्याचं हवं होतं आणि त्याला पुरावा हवा होता. हौशी वापरापेक्षा धंद्याच्या वापराने या आवारात नेमकं काय वाढतं? दुरुस्तीवाल्यांच्या गाड्या, चोवीस तास चालणाऱ्या यंत्रांचे पंखे आणि वातानुकूलन, वीज गेल्यावर चालणारं जनरेटर, गिऱ्हाईक वाढेल तशा वाढणाऱ्या अँटेना. यांतलं तिथे खरोखर काय होतं हे मोजून नोंदीवर आणायचं. मोजून काहीच निघालं नाही, तर परवाना देऊन टाकायचा आणि त्यातच अटी घालायच्या: एवढ्याच अँटेना, एवढीच उंची, हौशी वापर बंद झाला तर खांब उतरवायचा. ही शेवटची अट शहराच्या सगळ्यात कामाची ठरली असती. सशर्त परवाना म्हणतात तो कशाला, अटी घालायलाच ना. सरसकट नकार देऊन शहराने अटी घालायची संधीच हातची घालवली.

‘आवाजात व्यत्यय येतो, टीव्हीवर रेघा येतात’ ही शेजाऱ्यांची नेहमीची तक्रार मात्र कुठल्याही ठरावात घेऊ नये. रेडिओ व्यत्यय हा पूर्णपणे एफसीसीचा प्रांत आहे. नगरपालिकेने तो मुद्दा उचलला की तिची बाजू तिथेच लंगडी होते.

हौशी लोकांचं काय

या प्रकरणात हौशी रेडिओवाल्यांनी एब्रम्स यांच्या बाजूने उभं राहावं असं वरकरणी वाटतं. मी राहणार नाही. हौशी परवान्याचा पायाच बिनमोबदला असण्यात आहे. एफसीसीच्या नियमावलीतला भाग ९७ मोबदल्यासाठी संदेश पाठवायला बंदी घालतो, आणि स्टेशनधारकाचं स्वतःचं आर्थिक हित असलेल्या संदेशालाही. १९९३ पर्यंत ही बंदी इतकी कडक होती की हौशी रिपीटरच्या टेलिफोन जोडणीवरून पिझ्झा मागवणंसुद्धा नियमबाह्य ठरायचं, कारण त्याने दुकानदाराच्या धंद्याला मदत होते. त्या वर्षी एफसीसीने ही गाठ थोडी सैल केली. एब्रम्स यांनी हा नियम मोडला असं कुणी म्हटलेलं नाही. हौशी संदेश हौशी परवान्यावर आणि धंद्याचे संदेश धंद्याच्या परवान्यावर, एवढं पाळलं तर एकाच खांबावर दोन्ही चालू शकतात.

अडचण येते ती पुढच्या हौशी अर्जदाराला. खांबाला विरोध करणाऱ्या शेजाऱ्यांच्या हाती आता एक तयार मुद्दा असतो: आज हौस म्हणताय, उद्या भाड्याने द्याल. प्लॅनिंग खात्यातल्या कारकुनालाही तो पटतो. यावर उपाय अर्जदारानेच करायचा. अर्जाच्या पहिल्या पानावर, कुणी विचारायच्या आत, लिहून द्यायचं की या खांबावर व्यावसायिक अँटेना लागणार नाही आणि तशी अट मला मान्य आहे. अँटेनांची यादी फ्रीक्वेन्सीसकट जोडायची. ज्याला दोन्ही करायचं आहे त्याने दोन अर्ज करावेत, दोन वेगळ्या दिवशी, आणि धंद्याच्या अर्जात हौशी संरक्षणाचं नावही काढू नये.

कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये, हे प्रकरण नवव्या सर्किटपुढे असताना, पीआरबी-वनची भाषा राज्याच्या कायद्यात आणली. त्यामुळे हौशी अर्जदाराला आता राज्याच्या कायद्याचाही आधार आहे. मात्र दोन्ही आधार नगरपालिकेपुरतेच. घर घेताना वसाहतीच्या संघाच्या करारावर सही करून ‘बाहेर अँटेना लावणार नाही’ असं कबूल केलं असेल, तर तो खाजगी करार समजला जातो, आणि त्याला पीआरबी-वन लावायला एफसीसीने नकार दिलेला आहे. तो बदलावा म्हणून संसदेत विधेयकं येत राहिली, पण कायदा झाला नाही.